परत आलेल्या माणसाचा कॅमेरा

'परदेशस्थाचा प्रवास, त्याचे फोटो आणि त्याचं घरी येणं' असा विषय जाहीर झाला तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल, याचा मला अंदाज आहे. कुणाचा तरी मुलगा, पुण्याहून अमेरिकेला गेलेला. तो दिवाळीत येतो, सहस्रकुंडाचा धबधबा मोबाइलमध्ये घेतो, आणि दोन दिवसांनी म्हणतो, 'आपलं किनवट आता पूर्वीचं राहिलं नाही.' किंवा ज्यांचं वाचन आहे त्यांना मीना प्रभू आठवल्या असतील. लंडनमध्ये राहून त्यांनी 'माझं लंडन'पासून 'चिनी माती'पर्यंत मराठी वाचकाला जग दाखवलं. त्यांच्यावर बोलायला हवंच, पण आज नाही. आज मी उलट्या दिशेनं आलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. तो व्हिएन्नाहून निघाला आणि ज्या जिल्ह्यात तेव्हा आपलं किनवट होतं, त्या आदिलाबाद जिल्ह्यात येऊन राहिला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. नाव लांबलचक आहे, आपण नुसतं हायमेनडॉर्फ म्हणू.

तरुण श्रोत्यांसाठी एक गोष्ट आधी सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट नांदेडात नव्हतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ते आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होतं. राज्यपुनर्रचना झाली, आपण महाराष्ट्राच्या वाटेनं आलो, राजुरा चांद्याकडे गेला, बाकीचं आदिलाबाद आंध्रात गेलं. गोंडांचं सोयरपण मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंना होतं तसंच राहिलं. म्हणून आदिलाबादच्या गोंडांचे त्या काळातले फोटो म्हणजे शेजारच्या राज्यातल्या लोकांचे फोटो, असं समजून चालणार नाही.

आता हा माणूस. जन्म १९०९, व्हिएन्ना. मानवशास्त्राचा अभ्यास तिथंच, पुढं लंडनला मालिनोवस्कींच्या परिसंवादात. १९३६-३७ मध्ये नागा टेकड्यांत कोन्याक लोकांबरोबर राहिला. १९३९ मध्ये पत्नी बेट्टीसह पुन्हा भारतात आला आणि महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रिया तोवर हिटलरनं गिळलेलं होतं, त्यामुळं याचा पासपोर्ट जर्मन, आणि हा इंग्रजांच्या हिशेबी शत्रुराष्ट्राचा नागरिक. सुदैवानं तुरुंगात टाकलं नाही. हैदराबाद संस्थानात राहा, एवढ्यावर भागलं. म्हणजे बघा, आधी चेंचू, मग डोंगरी रेड्डी, मग आपले राजगोंड हा जो प्रसिद्ध अभ्यास झाला, त्याच्या मुळाशी एक सक्तीचा मुक्काम आहे. प्रवासी म्हणून आलेला माणूस अडकला आणि अडकला म्हणूनच त्याला दिसायला लागलं. मी याला फार महत्त्व देतो. चार दिवसांच्या पाहुण्याला कॅमेरा असतो, पण शेजार नसतो.

त्यानं काढलेले फोटो, केलेलं चित्रीकरण आणि लिहिलेल्या डायऱ्या लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या संग्रहात आहेत, आणि त्यातला मोठा भाग आता घरबसल्या पाहता येतो. कृष्णधवल चित्रं आहेत. मोरपिसांचे मोठाले मुकुट घातलेले घुसाडी, दंडारीचे नाच, देवकार्यं, आणि चेहरे. चेहरे फार चांगले आहेत. माणसं कॅमेऱ्याला बिचकलेली दिसत नाहीत. समोरचा माणूस रोजचा आहे, हे त्यांच्या डोळ्यांत कळतं. दिवाळीत आपल्या तालुक्यात ज्यांनी घुसाडी पाहिलेत, त्यांना ही चित्रं पाहताना वाटेल की हे तर आपलंच.

पण टीका करायची तर इथून सुरू करावी लागते. हे फोटो कधीचे आहेत? १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. भांडण कशाचं होतं? जमिनीचं आणि जंगलाचं. राखीव जंगलाच्या रेषा पुढं सरकत होत्या, कसलेली शेतं दुसऱ्याच्या नावावर चढत होती. हे झाल्यावरच निजाम सरकारला गोंडांची आठवण झाली आणि हायमेनडॉर्फ कामाला लागला. त्याला हे सगळं ठाऊक होतं. १९४५ च्या 'ट्रायबल हैदराबाद' या त्याच्या अहवालांच्या पुस्तकात पट्टे, सावकार, जंगलखातं, सगळं सरळ भाषेत आलेलं आहे. आणि १९४८ चं 'द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद' उघडा, तिथं पुराणकथा आणि विधी. दोन पुस्तकं, तीन वर्षांचं अंतर, लिहिणारा एकच. माझं म्हणणं असं की त्याचा कॅमेरा दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूचा आहे. पहिल्या पुस्तकातला माणूस त्याच्या चित्रांत फारसा सापडत नाही.

यात लबाडी नव्हती. अडचण कॅमेऱ्याच्या स्वभावातच आहे. आपल्याकडे नैयायिक आणि भाट्ट मीमांसक यांचा एक जुना वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कशानं कळतं? डोळ्यांनी जमीन दिसते, 'नसणं' कसं दिसेल? मीमांसक म्हणाले, त्यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागतं, अनुपलब्धि. नैयायिक म्हणाले, नको, प्रत्यक्षच पुरेल. वाद कुणी जिंकला ते सोडा. एक गोष्ट दोघांनाही मान्य होती, की घडा म्हणजे काय हे ज्याला आधी माहीत आहे, त्यालाच घड्याचा अभाव कळतो. कॅमेऱ्याला घडा दिसतो, घड्याचा अभाव दिसत नाही. न मिळालेला पट्टा, गेलेलं शेत, तोडलेलं सागवान यांचा फोटो निघत नाही. मोकळ्या माळाचा फोटो निघतो, आणि पाहणाऱ्याला तो नुसता माळ वाटतो. तो अभाव पाहायला पूर्वी येऊन गेलेलाच माणूस लागतो.

म्हणून हायमेनडॉर्फच्या कामात मला खरा रस आहे तो त्याच्या परत येण्यात. १९४९ मध्ये तो लंडनला शिकवायला गेला. पुढं नेपाळ, शेर्पा, असा प्रवास चालूच राहिला. १९७६ मध्ये निवृत्त झाला आणि जुन्या जागा पुन्हा पाहायला निघाला. आदिलाबादेत पुन्हा आला तेव्हा त्याच्या डोक्यात १९४१-४२ चं चित्र होतं आणि डोळ्यांपुढं वेगळंच. १९८२ चं 'ट्राइब्स ऑफ इंडिया' त्यातून आलं. उपशीर्षकातच जगण्यासाठीची झुंज आहे. माझ्या मते हे त्याचं सर्वांत प्रामाणिक पुस्तक. त्याच्या स्वतःच्या खटपटीनं चाळीसच्या दशकात हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले होते. त्या जमिनींचं पुढं काय झालं, हे तो गावोगाव मोजतो. म्हातारपणी स्वतःच्याच कामाचा हिशेब मांडायला माणूस क्वचितच परत येतो. बहुतेकांना जुने फोटो पुरतात.

आता एक कडू गोष्ट, आणि इथं तांड्यांवरचे बरेच श्रोते बसलेत म्हणून ती मुद्दाम बोलतो. परत येणाऱ्या प्रत्येकाचं एक शून्य वर्ष असतं. अमेरिकेतल्या त्या मुलाचं तो गेला ते वर्ष, हायमेनडॉर्फचं १९४१. त्या वर्षी जे होतं ते मूळ, नंतर आलं ते आक्रमण. त्याच्या उत्तरकाळातल्या लिखाणात बंजारा समाज येतो तो मुख्यतः गोंडांच्या जमिनीत शिरणारा म्हणून. प्रश्न खोटा नव्हता. १९७६ च्या कायद्यानं तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आले, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत राहिले, आणि सीमा ओलांडण्याला एक कारण मिळालं. पण ते कारण दोन सरकारांच्या याद्यांनी तयार केलं होतं. शिवाय बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत पिढ्यान् पिढ्या फिरलेल्या आणि रेल्वेनं धंदा खाल्ल्यावर जमीन शोधू लागलेल्या माणसांनाही स्वतःचा इतिहास आहे, त्यांचंही एक शून्य वर्ष आहे. गोंडांच्या बाबतीत इतका बारकाईनं पाहणारा डोळा इथं घाईत आहे. त्याचं प्रेम खरं होतं, आणि प्रेमामुळंच तो इथं एकांगी झाला, असं मला वाटतं.

तो संस्थानचा सल्लागार होता, हेही विसरू नये. संरक्षण देणारा आणि फोटो काढणारा एकच असेल, तर समोरच्याला नाही म्हणणं किती शक्य होतं? याचं उत्तर चित्रांत मिळत नाही. पण त्याच सल्लागारानं मार्लवाईला गोंड शिक्षकांचं केंद्र काढलं आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत केली, कारण या भागातल्या ज्या थोड्या गोंडांना अक्षर येत होतं ते मराठीचं होतं. उर्दूच्या राज्यात, तेलुगूच्या शेजारी, गोंडी भाषा मराठीच्या लिपीत! आपल्या विद्यापीठांतून यावर जितकं काम व्हायला हवं होतं तितकं झालेलं नाही, हे मी स्पष्टच म्हणतो.

शेवटी घराचा प्रश्न. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला गेल्या, त्यांची समाधी मार्लवाईत आहे. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारला. २०१२ मध्ये मुलानं त्याच्या अस्थी आणून आईच्या शेजारी पुरल्या. अशा माणसाला परदेशस्थ कुठं म्हणायचं, व्हिएन्नात, लंडनमध्ये की मार्लवाईत? मी एवढंच म्हणेन की जिथं तो पुन्हा पुन्हा हिशेब द्यायला आला, ती जागा त्याला परकी नव्हती.

आणि ते फोटो? तर्कशास्त्रात प्रत्यभिज्ञेचं ठरलेलं उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः', हा तोच देवदत्त. समोर दिसणं वेगळं, आठवणं वेगळं, आणि 'हा तोच' म्हणणं वेगळं. फोटो पहिलं देतो, फार तर दुसरं जागं करतो. तिसरं काम लंडनच्या संग्रहाला जमणार नाही. ते मांडवी, इस्लापूर, माहूर भागातल्या एखाद्या गोंड आजीला जमेल, कारण तिचं माहेर सीमेपलीकडचं असू शकतं. त्या चित्रांत आदिलाबाद लिहिलेलं असतं म्हणून आपल्याकडचं कुणी शोधायलाच जात नाही. १९४१-४२ मध्ये जी पोरं पाच वर्षांची होती ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. महाविद्यालयातल्या मुलांनी प्रिंट काढून यंदाच्या दंडारीत वस्त्यांवर न्यायच्या म्हटलं, तर खर्च फार नाही. कुणाची तयारी असेल तर व्याख्यान संपल्यावर भेटा.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करू, नेहमी पुढचेच विचारतात.