हाजरी कोणाची?

खर्डा म्हटलं की १७९५ ची लढाई निघतेच, ती आज बाजूला ठेवू. अंगात येणं या विषयावर बोलायचं तर आय. एम. लुईस यांचं ‘एक्स्टॅटिक रिलिजन’ (१९७१) टाळता येत नाही. सोमालियातल्या मुसलमान बायकांना ‘सार’ धरतो आणि तो नवऱ्याकडे कपडे, अत्तर मागतो. लुईस म्हणतात, उघड भांडता येत नाही म्हणून बाईनं शोधलेली ही आडवाट. ऐकताक्षणी पटतं. आम्हालाही पटलं होतं.

आपल्याकडे दर्ग्यावर याला हाजरी म्हणतात. लोबानाचा धूर, मोकळे केस, घुमणं, मग ‘ते’ बोलू लागतं. जावऱ्याची हुसेन टेकडी घ्या, गुजरातेतल्या उनाव्याचा मीरा दातार घ्या. आपल्याकडची माणसं तिथवर जातात. तिथं मागणं थोडं, तक्रार फार: करणी कोणी केली, काय खाऊ घातलं. आता बघा, बाईच्या अंगात मरीआई आली तर आपण तिची ओटी भरतो, जिन आला तर त्याला हाकलतो. लुईसही अंगात येण्याचे मध्यवर्ती आणि परिघावरचं असे दोन प्रकार करतात. पण हाजरीत मुसलमान बाईशेजारी हिंदू बाईही घुमत असते. मग हा परीघ नक्की कोणाचा?

दुसरं, डावपेच म्हटलं की बाई हुशार ठरते, पण खोटीही ठरते. आपण चटकन ‘ढोंग’ म्हणतो, त्यात आणि यात फार अंतर नाही. सुदानातल्या ‘झार’वर लिहिणाऱ्या जॅनिस बॉडी (१९८९) इथं जास्त सावध आहेत. त्यांच्या मते अंगात येण्यातून बाईला स्वतःच्या जगण्याकडे लांबून बघता येतं. मान्य. पण त्या वाचनातही साखळी दिसत नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, तेव्हा साखळीनं बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आलं नाही. आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं गुन्हा ठरवतो. यात्रा-प्रदक्षिणेला हात लावत नाही. ही रेघ आम्हाला योग्य वाटते.

मीरा दातारला ‘दवा-दुआ’ उपक्रमात मुजावरच बाईला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. ती गोळी घेते, लोबानही घेते. सासूबद्दलचं मात्र डॉक्टरला न सांगता हाजरीतच बोलत असेल, तर तिला लुईस यांच्या मांडणीत कुठं बसवायचं, हे आम्हाला अजून सापडलेलं नाही.