थांबण्याची किंमत : 'ऑल माय सन्स' आणि व्यवसायातील नैतिक पेच

प्रस्तावना

व्यवसायातील नीतिमत्ता हा विषय वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमात आता स्थिरावला आहे. बहुतेक पाठ्यपुस्तकांत त्याची मांडणी ठरावीक क्रमाने होते. आरंभी नीतीची व्याख्या, त्यानंतर उपयुक्ततावाद व कर्तव्यवाद यांची तोंडओळख, मग आचारसंहितेचे फायदे आणि शेवटी सामाजिक जबाबदारी. या मांडणीत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. नैतिक पेच हा एका व्यक्तीच्या मनात निर्माण होतो आणि ती व्यक्ती सुसंस्कृत असेल, तर तो योग्य रीतीने सुटतो, हे ते गृहीतक होय. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांचे 'ऑल माय सन्स' हे नाटक या गृहीतकाची कठोर परीक्षा घेते. हे नाटक साहित्याच्या वर्गात प्रामुख्याने कौटुंबिक शोकांतिका म्हणून शिकविले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका कारखान्यातील निर्णयाचे नाटक म्हणून केला आहे. त्या निर्णयातील नैतिक पेचाचे स्वरूप, नाटकाची या बाबतीतील मर्यादा आणि त्यावरून कंपन्यांना घेता येण्याजोगा बोध, अशा तीन अंगांनी ही चर्चा केली आहे.

नाटकाची पार्श्वभूमी व कथावस्तू

'ऑल माय सन्स' जानेवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगमंचावर आले. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम दीड वर्ष झाले होते. सैन्याला सदोष यंत्रसामग्री विकणाऱ्या वडिलांविरुद्ध मुलीनेच तक्रार केल्याची एक हकिकत मिलर यांच्या कानी आली होती व तीतून नाटकाचे बीज पडले. अशी प्रकरणे त्या काळी अपवादात्मक नव्हती. ओहायो राज्यातील राइट एरोनॉटिकल कंपनीच्या कारखान्यातून सदोष विमान-इंजिने मंजूर होऊन बाहेर पडत असल्याचे १९४३ मध्ये हॅरी ट्रुमन यांच्या अध्यक्षतेखालील सिनेट समितीने उघडकीस आणले होते.

नाटकातील जो केलर हा अल्पशिक्षित, कष्टाने वर आलेला कारखानदार आहे. युद्धकाळात त्याच्या कारखान्यात लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी सिलिंडर हेड तयार होत असत. एके दिवशी तडे गेलेले हेड एकामागून एक बाहेर पडू लागले. सैन्याकडून मालासाठी तगादा सुरू होता. जो त्या दिवशी कामावर आलेला नव्हता. त्याचा भागीदार स्टीव्ह डीव्हर याने फोनवर विचारणा केली, तेव्हा तडे झाकून माल पाठवून द्यावा, जबाबदारी आपण घेऊ, असे जोने सांगितले. पुढे एकवीस वैमानिक मृत्युमुखी पडले. न्यायालयात जोने आजारपणाची सबब पुढे केली. फोनवरील आज्ञेचा पुरावा नसल्याने अपिलात तो सुटला व स्टीव्ह तुरुंगात राहिला. जोचा एक मुलगा लॅरी युद्धात बेपत्ता झालेला आहे. दुसरा मुलगा ख्रिस वडिलांच्या निर्दोषत्वावर विश्वास ठेवून कारखाना सांभाळतो. नाटकाच्या अखेरीस लॅरीचे जुने पत्र पुढे येते. वडिलांच्या कृत्याची बातमी वाचून त्याने स्वतःच मरण पत्करले होते, हे त्यातून उघड होते आणि जो स्वतःला गोळी घालून घेतो.

केलरचा निर्णय : पेच की पळवाट?

नैतिक पेच आणि नैतिक स्खलन या दोन भिन्न अवस्था आहेत. दोन्ही बाजूंना खरोखर न्याय्य दावे असतील, तर त्यास पेच म्हणता येईल. एका बाजूला कर्तव्य आणि दुसऱ्या बाजूला केवळ लाभ असेल, तर तो मोह होय. जो केलर आपल्या कृत्याचे समर्थन करताना त्यास पेचाचे रूप देतो. उभ्या आयुष्याची कमाई असलेला धंदा एका दिवसात बंद पडला असता आणि मुलांच्या हाती काहीच उरले नसते, अशी त्याची बाजू आहे. वरवर पाहता हा कुटुंबाप्रती कर्तव्य व वैमानिकांप्रती कर्तव्य यांतील संघर्ष वाटतो.

तथापि नाटक बारकाईने वाचल्यास या समर्थनातील फट दिसून येते. फोन आला त्या क्षणी जोपुढे दोन नव्हे, तीन पर्याय होते. माल पाठविणे, धंदा गमावणे आणि सैन्याला दोष कळवून मुदत मागणे. तिसऱ्या पर्यायाचा उच्चार तो कधीच करीत नाही, कारण त्याच्या हिशेबी तिसरा पर्याय म्हणजेच दुसरा पर्याय होता. थांबणे म्हणजे बुडणे, असे समीकरण त्याच्या मनात पक्के झाले होते. ते सर्वस्वी खोटे होते असेही म्हणता येत नाही. ज्या व्यवस्थेत मालाची मागणी तासातासाने होते आणि दोष कबूल करणाऱ्याचे कंत्राट जाते, त्या व्यवस्थेत थांबण्याची किंमत खरोखरच मोठी असते. माल जोडला जाण्यापूर्वी कोणीतरी दोष पकडेल, अशी आशा त्याने बाळगली होती. प्रत्येक टप्प्यावरील माणसाने पुढच्या टप्प्यावर विसंबून राहावे, हा मोठ्या संस्थांमधील अनीतीचा अगदी नेहमीचा मार्ग आहे.

येथे स्टीव्ह डीव्हर या पात्राकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. समीक्षकांनी त्यास बहुधा दुर्बळ, आज्ञाधारक माणूस म्हणून बाजूला सारले आहे. तो रंगमंचावर येतही नाही. परंतु दोष प्रत्यक्ष पाहणारा, विचारणा करणारा आणि शेवटी शिक्षा भोगणारा तोच आहे. त्याच्यापाशी माहिती होती, अधिकार नव्हता. जोपाशी अधिकार होता, परंतु त्याने स्वतःला माहितीपासून शारीरिकदृष्ट्या दूर ठेवले होते. माहिती एकाकडे, अधिकार दुसऱ्याकडे आणि मध्ये एक नोंद नसलेला फोन, ही रचना केलरच्या गुन्ह्याइतकीच महत्त्वाची आहे.

प्रतिष्ठा आणि मौन

नाटकातील शेजारी हाही अभ्यासण्याजोगा भाग आहे. जो दोषी आहे, हे परिसरातील लोक जाणून आहेत. तरी ते त्याच्या अंगणात येऊन पत्ते खेळतात. शिक्षेतून सफाईने निसटल्याबद्दल त्याच्या हुशारीचे कौतुकच केले जाते, असे शेजारीण सू बेलिस स्पष्टपणे सुचविते. व्यावसायिक यश हे नैतिक दोषाचे प्रक्षालन करते, असा हा सामाजिक व्यवहार आहे. ख्रिसचे आदर्शवादी बोलणेही यातून सुटत नाही. वडिलांविषयी आपल्या मनात शंका होती, हे तो अखेरीस मान्य करतो. तोवर त्याच पैशावर त्याचा संसार उभा राहणार होता.

लॅरी त्या प्रकारचे विमान कधी चालवीतच नव्हता, हा जोचा आवडता युक्तिवादही याच पठडीतला आहे. आपला सुटा भाग कोणाच्या विमानात बसला, एवढ्यापुरतीच आपली जबाबदारी, असा त्याचा अर्थ. लॅरीचे पत्र हा युक्तिवाद मोडून काढते. दोष आणि मृत्यू यांच्यात यांत्रिक दुवा नसला, तरी नैतिक दुवा असू शकतो, हे त्या पत्राने सिद्ध होते. नाटकाच्या शीर्षकाचा अर्थही तेथेच उलगडतो.

नाटकाची मर्यादा

मिलर यांनी संपूर्ण नाटक घराच्या मागील अंगणात व एका दिवसापेक्षाही कमी अवधीत घडविले आहे. या बंदिस्तपणामुळे त्यास ग्रीक शोकांतिकेचे बळ लाभले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली आहे. कारखाना एकदाही दिसत नाही. तडा गेलेला भाग, तो तपासणारा कामगार, मालासाठी घाई करणारा अधिकारी, यांपैकी कोणीही प्रेक्षकांसमोर येत नाही. त्यामुळे अपराधाचे उत्तर अपरिहार्यपणे एका व्यक्तीच्या सदसद्विवेकात शोधले जाते. जोच्या मृत्यूने न्याय झाल्यासारखे वाटते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा भोंगा वाजेल, तेव्हा सदोष माल थांबविण्याचा अधिकार कोणाला असेल, हा प्रश्न नाटक विचारीत नाही. व्यवस्थापनशास्त्राचे काम नेमके येथून सुरू होते.

वास्तवातील दोन उदाहरणे

नाटकातील फोनचा प्रसंग जुन्या काळातील म्हणून दुर्लक्षिता येत नाही. जून २०१८ मध्ये बोइंग कंपनीच्या रेंटन येथील ७३७ विमानांच्या कारखान्यातील वरिष्ठ व्यवस्थापक एड पीअरसन यांनी वरिष्ठांना लेखी कळविले, की कामगार थकलेले आहेत, काम अनुक्रम सोडून होत आहे आणि उत्पादन काही काळ थांबविणे आवश्यक आहे. उत्पादन थांबले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचे व मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचे ७३७ मॅक्स विमान कोसळून एकूण ३४६ जण मरण पावले. या अपघातांत मुख्य दोष एकाच संवेदकावर विसंबणाऱ्या नियंत्रण-प्रणालीचा होता. पीअरसन यांचा इशारा उत्पादनाच्या दर्जाविषयी होता, त्यामुळे दोहोंत थेट कार्यकारणभाव जोडणे योग्य ठरणार नाही. तथापि अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० च्या अहवालात वेळापत्रक व खर्च यांच्या दडपणावर नेमके बोट ठेवले. थांबण्यास नकार देणारी संस्कृती रचनेत आणि उत्पादनात सारखीच नांदत होती.

दुसरे उदाहरण भारतीय आहे. रॅनबॅक्सी या औषध कंपनीत २००४ मध्ये दिनेश ठाकूर यांच्याकडे अंतर्गत तपासणीचे काम आले, तेव्हा औषधांच्या चाचण्यांच्या नोंदी बनावट असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष संचालक मंडळाच्या समितीपुढे मांडले गेले. म्हणजे येथे फोन नव्हता, लेखी अहवाल होता आणि तो अगदी वरपर्यंत पोहोचला होता. तरीही ठाकूर यांना २००५ मध्ये राजीनामा द्यावा लागला आणि त्यांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाशी संपर्क साधला. मे २०१३ मध्ये कंपनीने अमेरिकी न्यायालयात सात गंभीर गुन्ह्यांची कबुली दिली व ५० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. दरम्यान २००८ मध्ये कंपनी विकत घेणाऱ्या दाइची सांक्यो या जपानी कंपनीपासून माहिती दडविल्याबद्दल पूर्वीच्या मालकांनी २,५०० कोटी रुपयांहून अधिक भरपाई द्यावी, असा निवाडा सिंगापूर येथील लवादाने २०१६ मध्ये दिला. थांबण्याची जी किंमत २००४ मध्ये जड वाटली, तिच्या कितीतरी पट किंमत पुढे मोजावी लागली.

कंपन्यांनी काय करावे?

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की कंपनीचे नैतिक कर्तव्य केवळ चांगली माणसे नेमण्यापुरते नाही. तिसरा पर्याय, म्हणजे थांबून सांगण्याचा पर्याय, सामान्य कर्मचाऱ्याला परवडेल असा ठेवणे हे तिचे कर्तव्य होय. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक दिसतात.

पहिली, थांबविण्याचा अधिकार माहिती असलेल्याच्या हाती देणे. साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. त्याच तत्त्वावर टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसल्यास कोणताही कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. तेथे थांबणे हा अपराध नसून कामाचा भाग आहे. अर्थात दोरी कोठे टांगली आहे, हेही महत्त्वाचे आहे. टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सु कंपनीत सुरक्षा-चाचण्यांत अनेक वर्षे गैरप्रकार झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले व चौकशी समितीने विकासाच्या अतिघट्ट वेळापत्रकाकडे निर्देश केला. जुळणीच्या ओळीवरील दोरी चाचणी-विभागापर्यंत पोहोचली नव्हती.

दुसरी, सुरक्षिततेविषयीचा कोणताही निर्णय तोंडी न ठेवणे. ज्याने आज्ञा दिली त्याचे नाव, कारण व वेळ यांची नोंद झाल्याखेरीज दोष असलेला माल पुढे जाणार नाही, एवढा साधा नियम असता, तर जो केलरला आजारपणाच्या आड लपता आले नसते. कदाचित ती आज्ञाच दिली गेली नसती.

तिसरी, व्यवस्थापनाबाहेर ऐकणारा कान असणे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध व अन्य विहित कंपन्यांना दक्षता यंत्रणा उभारणे बंधनकारक आहे. तक्रारदाराचा छळ होऊ नये, तसेच योग्य प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता यावे, अशी त्यात तरतूद आहे. तरतूद स्वागतार्ह असली, तरी ऐकणारा कान कंपनीच्याच मंडळात राहतो आणि रॅनबॅक्सीत अहवाल मंडळाच्या समितीपर्यंत जाऊनही थिजला होता. खासगी क्षेत्रातील जागल्याला कंपनीबाहेरील नियामकाकडे जाण्याचे कायदेशीर संरक्षण मिळेपर्यंत ही यंत्रणा अपुरीच राहील.

समारोप

'ऑल माय सन्स' हे नाटक व्यवसायातील अनीतीचे मूळ माणसाच्या संकुचित आपलेपणात शोधते. ते निदान खोटे नाही, मात्र अर्धे आहे. जो केलरसारखी माणसे प्रत्येक संस्थेत असतात आणि ती बहुधा प्रेमळ, कष्टाळू, शेजारधर्म पाळणारीच असतात. त्यांच्यावर एकट्याने निर्णय घेण्याची वेळ येऊ नये आणि आली तर तो निर्णय झाकता येऊ नये, याची तजवीज करणे म्हणजे व्यावसायिक नीतिमत्ता होय. या दृष्टीने हे नाटक साहित्याच्या वर्गाबाहेर वाणिज्य शाखेतही वाचले जावे. जो केलरने काय करावयास हवे होते, याचे उत्तर विद्यार्थी सहज देतील. परंतु फोन ठेवल्यानंतर स्टीव्ह डीव्हरने कोणाकडे जावयास हवे होते, हा प्रश्न त्यांना विचारला, म्हणजे विषयाचा खरा अभ्यास सुरू होईल.