वेगाचा हिशेब

ट्रिगर दाबला तरी लगेच काही होत नाही. बोट तसेच दाबून धरावे लागते. दोन-तीन सेकंदांनी जवळजवळ साडेचारशे किलोंचे वजन विमानाच्या पोटाखालून सुटते, मग त्याचे रॉकेट पेटते आणि धुराची रेघ नाकासमोरून वर चढत जाते. ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये एफ-१४ टॉमकॅटमधून फिनिक्स क्षेपणास्त्र सोडणे म्हणजे हे. विमानयुद्धाच्या बहुतेक खेळांत गोष्ट इथे संपते. या सिम्युलेटरमध्ये ती इथून सुरू होते. लक्ष्य अजून पन्नास मैलांवर असते, डोळ्यांना दिसतही नसते, आणि पुढच्या मिनिट-दीड मिनिटात वैमानिक कसा वागतो यावर त्या क्षेपणास्त्राचे काय होणार हे ठरते.

हीटब्लर सिम्युलेशन्स या कंपनीने मार्च २०१९ मध्ये हे विमान डीसीएसमध्ये आणले. कॉकपिटमधला झिजलेला रंग, काचेवरचे ओरखडे, बटणांचे आवाज यांची तारीफ तेव्हापासून होत आली आहे आणि ती रास्तच आहे. मला त्याचे मोठेपण मात्र आणखी आत सापडते. या विमानात शस्त्र आणि उड्डाण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. उंची किती, वेग किती, नाक कोणत्या दिशेला, पोटाखाली वजन किती, यातली प्रत्येक गोष्ट क्षेपणास्त्राच्या नशिबात उतरते. आणि क्षेपणास्त्राचे वजन, त्याची गरज, त्याचा अडेलपणा हे सगळे विमान चालवणाऱ्याच्या हातात उतरते. सिम्युलेटरचा खरेपणा या देवघेवीत आहे, आणि रसग्रहण करायचे तर तिचेच करायला हवे.

मूळ विमान ग्रुमन कंपनीचे. पहिले उड्डाण डिसेंबर १९७० मधले. अमेरिकन नौदलाने ते २००६ पर्यंत वापरले. त्याची जबाबदारी ठरलेली होती. सोव्हिएत बॉम्बर विमाने लांबून जहाजांवर क्षेपणास्त्रे सोडतील, त्यांनी ती सोडण्याआधीच त्यांना ताफ्यापासून दूर गाठायचे. म्हणून त्याला एडब्ल्यूजी-९ हे अवाढव्य रडार मिळाले. एका वेळी २४ लक्ष्यांचा माग ठेवायचा आणि त्यांतल्या सहांवर मारा करायचा, ही त्याची क्षमता. नोव्हेंबर १९७३ मधल्या चाचणीत एकाच विमानाने सहा लक्ष्यांवर सहा फिनिक्स सोडली आणि चार लक्ष्ये टिपली. त्या काळातल्या संगणकांचा आवाका पाहता ही कामगिरी थक्क करणारी होती. पण अशा यंत्राला चालवणारी माणसेही तितकीच तयार लागतात. म्हणून टॉमकॅटमध्ये दोन आसने आहेत: पुढे वैमानिक, मागे रडार सांभाळणारा अधिकारी, ज्याला नौदलात ‘रिओ’ म्हणत.

सिम्युलेटरमध्ये मागच्या आसनावर बसले की आधी लक्षात येते ती इथल्या कामाची संथ लय. रडार आणि क्षेपणास्त्रे थंड ठेवणारी द्रव यंत्रणा एका खटक्याने सुरू करावी लागते. क्षेपणास्त्रे तयार व्हायला वेळ घेतात. समोर मोठा गोल पडदा असतो, त्यावर संगणकाने लावलेला अर्थ दिसतो. त्याच्या वरच्या छोट्या पडद्यावर रडारने प्रत्यक्ष पकडलेले ठिपके दिसतात. एक पडदा काय आहे ते दाखवतो आणि दुसरा, संगणकाला काय आहे असे वाटते ते. या दोहोंतली तफावत वाचणे हेच रिओचे कसब. अनेक लक्ष्यांचा माग ठेवायचा तर रडारची एक फेरी दोन सेकंदांत पुरी व्हावी लागते. त्यामुळे रुंद पाहायचे तर उंचीचा पट्टा अरुंद होतो, आणि उंचीचा पट्टा वाढवायचा तर रुंदी सोडावी लागते. सगळे आकाश एकदम पाहण्याची सोय नाही. कुठे पाहायचे हे ठरवताना कुठे पाहायचे नाही हेही ठरते.

आता तो मारा जवळून पाहू. पस्तीस हजार फूट उंची, वेग ध्वनीच्या वेगाला टेकलेला, लक्ष्य समोरून येते आहे. क्षेपणास्त्र सुटते आणि लक्ष्याकडे सरळ न जाता वर चढते. लांबच्या माऱ्यात ते ऐंशी हजार फुटांच्या आसपास जाते, कारण तिथली विरळ हवा त्याला अडवत नाही. रॉकेट साधारण अर्धा मिनिट जळते. ते विझले की गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी गत: आता नवा वेग मिळणार नाही, जवळ आहे तो पुरवून वापरायचा. प्रत्येक वळण त्यातून वजा होते. खाली उतरताना दाट हवा त्यातून वजा होते. हेच क्षेपणास्त्र पाच हजार फुटांवरून, सावकाश उडताना सोडून पाहावे. त्याच फिनिक्सचा पल्ला डोळ्यांदेखत आक्रसतो. सुटताना विमानाची उंची आणि वेग हेच त्याचे भांडवल असते, आणि ते वैमानिकाने आधीच्या पाच मिनिटांत जमवलेले असावे लागते.

सोडल्यानंतरही सुटका नाही. बरेचसे अंतर फिनिक्स विमानाच्या रडारवर विसंबून कापते. स्वतःचे रडार ते शेवटच्या टप्प्यात चालू करते. तोवर लक्ष्य टॉमकॅटच्या रडारच्या कक्षेत ठेवावे लागते. रडारची अँटेना बाजूला ६५ अंशांपर्यंतच वळते. म्हणून वैमानिक लक्ष्याकडे सरळ न जाता विमान एका बाजूला वळवतो, लक्ष्याला त्या मर्यादेच्या अगदी काठावर धरून ठेवतो आणि शत्रूशी होणारी जवळीक जमेल तितकी लांबवतो. नाक थोडे जास्त वळले की माग तुटतो. कमी वळले तर शत्रूच्या माऱ्यात आपण लवकर पोचतो. पडद्यावर लक्ष्याच्या खुणेशेजारी उरलेले सेकंद मोजणारा आकडा उतरत असतो. तो लुकलुकू लागला की क्षेपणास्त्राला स्वतःचे रडार चालू करण्याचा हुकूम गेला. मग मात्र वळून निघता येते.

तो आकडा उतरत असतानाच शत्रूने काटकोनात वळण घेतले तर काय होते, ते या सिम्युलेटरमधले सर्वांत सुंदर प्रकरण आहे. जमिनीवरून परत येणारा प्रतिध्वनी आणि विमानावरून येणारा प्रतिध्वनी हे रडार वेगावरून ओळखते. जमिनीच्या वेगाशी जुळणारे जे काही असेल ते गाळून टाकते. आडव्या दिशेने जाणारे विमान आपल्याकडे येतही नसते आणि दूरही जात नसते, म्हणून ते रडारच्या लेखी जमिनीत जमा होते. वरच्या पडद्यावरून ठिपका जातो. खालच्या पडद्यावर मात्र खूण चालतच राहते, कारण संगणक धरून चालतो की ते विमान आधीच्या दिशेने, आधीच्या वेगाने पुढे जात असेल. क्षेपणास्त्र आता त्या अंदाजाकडे निघालेले असते. शत्रू पुन्हा दिसला तर बऱ्याचदा तो नवी खूण बनून दिसतो, आणि जुन्या खुणेशी बांधलेले क्षेपणास्त्र रिकाम्या आकाशाकडे जाते. हीटब्लरने हे गाळणे, हे अंदाज, ही चूक सगळे जसेच्या तसे उभे केले आहे. खेळणाऱ्याच्या सोयीसाठी त्यांना इथे यंत्र हुशार करता आले असते. त्यांनी ते १९७० च्या दशकातलेच ठेवले, आणि त्या निष्ठेपोटी त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

विमानाच्या चालीतही तीच निष्ठा आहे. टॉमकॅटचे पंख उडताना २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत मागे झुकतात आणि हे काम वेग पाहून संगणक आपोआप करतो. पंख पसरलेले असताना विमान वळणात टिकते. मागे झुकलेले असताना ते पळते. पण पंखांची ही स्थिती शत्रूलाही दिसते, आणि जाणता शत्रू त्यावरून टॉमकॅटकडे किती वेग उरला आहे ते ओळखतो. पंखांवर एलेरॉन नाहीत. कलंडण्याचे काम शेपटीचे आडवे पृष्ठभाग आणि पंखांवरचे स्पॉयलर करतात. नाक खूप वर धरून, वेग घालवून वळताना याची किंमत कळते. अशा वेळी स्टिक उजवीकडे दाबली तर शेपटीच्या ओढीने नाक डावीकडे जाऊ पाहते. विमान थरथरते, डुलू लागते. तिथे स्टिक मधोमध धरून पायाने, रडरच्या जोरावर विमान कलते करायचे असते. आधुनिक विमानांत वैमानिकाचे हात सावरायला संगणक मध्ये असतो. इथे ते सावरणे आपल्याच हातापायांना शिकावे लागते, आणि ते अंगवळणी पडले की विमान जे देते ते दुसऱ्या कुठल्या आभासी विमानात मला मिळालेले नाही.

मग इंजिने. एफ-१४ए मध्ये टीएफ३० इंजिने होती आणि हवेचा प्रवाह बिघडला की त्यांचा कॉम्प्रेसर कोलमडत असे. दोन इंजिनांमध्ये जवळजवळ पावणेतीन मीटरचे अंतर. एक गेले आणि दुसरे पूर्ण जोरात राहिले की विमान भोवऱ्यात ओढले जाते. २५ ऑक्टोबर १९९४ रोजी अब्राहम लिंकन या विमानवाहू नौकेवर उतरताना डाव्या इंजिनाचा कॉम्प्रेसर कोलमडला आणि अमेरिकन नौदलातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिकांपैकी एक, कारा हल्टग्रीन, यांचा मृत्यू झाला. एफ-१४बी मध्ये जनरल इलेक्ट्रिकची एफ११० इंजिने आली आणि हे दुखणे मिटले. सिम्युलेटरमध्ये आधी बी आले, मागाहून ए. दोन्ही चालवून पाहिली की ए मध्ये थ्रॉटलवरचा हात आपोआप सबुरीने वागू लागतो. ज्यांनी ही विमाने रोज रात्री नौकेवर उतरवली, त्यांच्या धैर्याचा अंदाज त्या सबुरीतून येतो.

शस्त्र आणि उड्डाण यांची गाठ नौकेवर परतताना पुरी घट्ट बसते. सहा फिनिक्स नेता येतात. पण ती न वापरता आणायची म्हणजे अडीच टनांहून अधिक वजन घेऊन उतरायचे. उतरण्याच्या वजनाला मर्यादा आहे, म्हणून तितके इंधन कमी ठेवावे लागते, आणि इंधन कमी म्हणजे पहिला प्रयत्न हुकला तर पुन्हा फिरून येण्याची मुभा कमी. सहा क्षेपणास्त्रांची जाहिरात डोळे दिपवणारी असली तरी नौदलात ती एवढी क्वचित का लावली जात, हे एकदा तशा ओझ्याने नौकेकडे उतरत गेले की पुस्तकाविना कळते. अंगठ्याखालच्या छोट्या चाकाने स्पॉयलर हलवून, नाक न हलवता विमान थोडे वर-खाली करण्याची टॉमकॅटची युक्तीही तेव्हाच मोलाची वाटते.

जे यात नाही तेही मान्य केले पाहिजे. वळणात शरीराचे वजन सहा-सात पटींनी वाढते, मान वळत नाही, श्वास रेटून घ्यावा लागतो. घरातल्या खुर्चीत त्याऐवजी पडद्याच्या कडा काळवंडतात आणि धापांचा आवाज येतो. मृत्यूची भीती तर नाहीच. यंत्राचा बेभरवसाही पुरता उतरलेला नाही. जानेवारी १९९९ मध्ये इराकच्या आकाशात अमेरिकन टॉमकॅटांनी मिग-२५ विमानांवर सोडलेल्या दोन फिनिक्सची रॉकेटे पेटलीच नाहीत. माझे क्षेपणास्त्र मात्र दरवेळी पेटले आहे. ज्या विमानाची बरीच माहिती उघड झाली आहे तेच इतक्या बारकाईने उभे राहू शकते, ही मर्यादाही लक्षात ठेवावी. आजच्या विमानांचे रडार नेमके काय पाहते, हे कोणताही सिम्युलेटर खात्रीने सांगू शकणार नाही.

तरीही या मर्यादांच्या आत टॉमकॅट जे करतो ते ज्ञानाचे काम आहे. वृत्तवाहिन्यांवर कुठल्याही नव्या क्षेपणास्त्राची बातमी येते ती पल्ल्याच्या आकड्यासह, आणि तो आकडा ऐकूनच अभिमान किंवा धास्ती वाटू लागते. या विमानात काही संध्याकाळी घालवलेला माणूस तो आकडा ऐकून थांबतो आणि विचारतो: कोणत्या उंचीवरून, किती वेगात, समोरून येणाऱ्यावर की पळून जाणाऱ्यावर, वाटेत कोणाचे रडार त्याला सांभाळणार, आणि तोवर सोडणारा कुठे असणार? युद्धाबद्दल मोठमोठ्या आवाजात बोलले जात असताना हे साधे प्रश्न विचारता येणे ही नागरिकाच्या कामाची गोष्ट आहे. हीटब्लरच्या कारागिरांनी ते प्रश्न कुठे लिहून दिलेले नाहीत. त्यांनी ते स्टिकमध्ये, थ्रॉटलमध्ये आणि त्या गोल पडद्यावरच्या चुकणाऱ्या खुणेत ठेवले आहेत. त्यासाठी मी या कृतीला खेळांच्या रांगेतून काढून चांगल्या ग्रंथांच्या शेजारी जागा देईन.