'टेमिंग ऑफ द श्रू' : प्रस्ताव-प्रवेशांचे प्रयोजन

शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या सुखात्मिकेविषयीचा वाद बहुधा कॅथरिनाच्या अखेरच्या भाषणाभोवती घोटाळतो. पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे सांगणारे हे दीर्घ भाषण सरळ अर्थाने घ्यावे की उपरोधाने, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ त्या भाषणात शोधणे सयुक्तिक नव्हे. नाटकाच्या आरंभीचे दोन प्रस्ताव-प्रवेश या दृष्टीने पाहण्याजोगे आहेत.

भांड्यांना डाग देत फिरणारा क्रिस्टोफर स्लाय मद्यधुंद होऊन पडला असता एक उमराव त्याला आपल्या वाड्यात आणवितो आणि तू सरदारच आहेस, असे त्यास भासवितो. त्याची पत्नी म्हणून बार्थॉलोम्यू हा हुजऱ्या स्त्रीवेष घेतो. पतीशी किती लीनतेने बोलावे, हे उमराव त्याला पढवून ठेवतो. अश्रू न आल्यास रुमालात कांदा दडवावा, अशीही सूचना देतो. पतिनिष्ठेचे नाटकातील पहिले दर्शन असे शिकविलेले आहे. कॅथरिनाची कथा हा स्लायपुढे झालेला नाट्यप्रयोग होय. आणि तत्कालीन रंगभूमीवर कॅथरिनाची भूमिकाही मुलगाच करीत असे. अखेरच्या भाषणात त्या पहिल्या पाठाचा प्रतिध्वनी उमटावा, अशी ही योजना दिसते.

दिग्दर्शकाची अडचण अशी की, १६२३च्या फोलिओत पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशानंतर स्लाय पुन्हा बोलत नाही. १५९४मध्ये छापलेल्या 'द टेमिंग ऑफ अ श्रू' या निकटच्या नाटकात मात्र तो शेवटी जागा होतो. गॅरिकने १७५४च्या आपल्या तीन अंकी रूपांतरात स्लायला गाळलेच. १८४४मध्ये लंडनच्या हेमार्केट नाट्यगृहात तो परतला. १९७८मध्ये मायकेल बॉग्डॅनॉव्ह यांच्या स्ट्रॅटफर्ड येथील प्रयोगात स्लाय व पेट्रुचिओ या दोन्ही भूमिका जोनाथन प्राइस या एकाच नटाने केल्या. त्यामुळे स्त्रीला वश करण्याची कथा ही स्लायच्याच मनातील इच्छा ठरली.

तथापि, 'हे सारे नाटकातले नाटक' एवढे म्हणून सुटका होत नाही. कॅथरिनाला उपाशी व जागी ठेवून ससाण्याप्रमाणे माणसाळवावयाचे, हा बेत पेट्रुचिओ चौथ्या अंकात स्वतःच बोलून दाखवितो. तिच्यापुढून अन्न उचलले जाते, तेव्हा तिची भूक प्रेक्षकास खरी वाटलीच पाहिजे.

वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी मराठी रूपांतराला 'त्राटिका' हे नाव दिले. रामकथेतील राक्षसीचे हे नाव नायिकेविषयीचा निवाडा पडदा उघडण्यापूर्वीच देऊन टाकते. मूळ नाटकाच्या आरंभी मात्र हसू होते ते स्लायचे. भुलविल्या गेलेल्या पुरुषाचे हे चित्र ज्या प्रयोगात गाळले जाते, तेथे हसण्यासाठी केवळ ती उपाशी स्त्रीच उरते.