रायगडावरील नजराणा आणि चिनी कांस्यपात्रे : एक तुलना

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून जलमार्गाने रोहे-अष्टमीस आला व तेथून निजामपूरवरून रायगडाकडे गेला. आजचे वरसे गाव याच रोहे परिसरात मोडते. राज्याभिषेकाच्या अभ्यासात त्याच्या वृत्तान्ताचा उपयोग सतत झाला आहे. तथापि त्यात वर्णिलेल्या वस्तूंच्या अर्थाचा स्वतंत्र विचार होणे अगत्याचे आहे.

६ जूनच्या दरबारात सिंहासनाच्या दोहों बाजूंस भाल्यांवर लावलेली चिन्हे त्याने पाहिली : एकीकडे मोठ्या दातांची दोन सुवर्णमत्स्यमुखे, दुसरीकडे अश्वपुच्छे व समतोल असा सोन्याचा तराजू. तराजू हे न्यायाचे प्रतीक, हे त्याने अचूक ओळखले. परंतु परक्यांची चिन्हे वाचणाऱ्या या वकिलाने स्वतःच्या भेटीचा अर्थ वाचलेला दिसत नाही. दुभाष्या नारायण शेणवी याने हिऱ्याची अंगठी उंच धरली. महाराजांनी मंडळींस सिंहासनाच्या पायथ्याशी बोलावले, वस्त्रे दिली व निरोप दिला. इंग्रजांच्या लेखी अंगठी ही व्यापारी तहाची प्रस्तावना होती. दरबारी संकेतानुसार ती खालून वर गेलेला नजराणा ठरली आणि वस्त्रे हा वरून खाली आलेला सरपाव.

हा दिशाभेद प्राचीन चीनमधील कांस्यपात्रांच्या संदर्भात अधिक स्पष्ट होतो. १९६३ मध्ये शेन्सी प्रांतातील पावची येथे प्रकाशात आलेल्या एका मद्यपात्रावर १२२ अक्षरांचा लेख आहे. चौ वंशाच्या राजाने ‘ह’ नामक सरदारास कवड्यांच्या तीस माळा दिल्या आणि त्याच्या स्मरणार्थ सरदाराने पितृपूजेसाठी हे पात्र ओतविले. म्हणजे येथे पात्र हीच देणगी नव्हे. ते देणगीची साक्ष आहे. परंपरेतील नऊ ‘तिंग’ पात्रे तर साक्षात राजसत्तेची खूण. इ. स. पू. ६०६ मध्ये छूच्या राजाने त्यांचे वजन विचारले, तेव्हा त्या पृच्छेत सत्तेची अभिलाषा ओळखली गेली. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पन्नाशीनिमित्त चीनने असेच ‘तिंग’ पात्र संघास भेट दिले. राजचिन्ह अशा रीतीने मैत्रीचिन्ह झाले. तथापि प्राचीन वारशाचा धनी या नात्याने बोलणारा दात्याचा स्वर त्यातून लोपला, असे म्हणता येणार नाही.

चीनमध्ये सत्ता आणि देणगीची स्मृती या दोहोंचा भार पात्रांनीच वाहिला. रायगडावर मात्र ही कार्ये विभागलेली होती. अष्टप्रधानांच्या हातांतील कलशांनी राजत्व सिद्ध केले. अंगठी व सरपाव यांनी त्या राजत्वापुढे कोण कोठे उभा आहे, हे दाखविले. इंग्रजांचे नाणे आपल्या राज्यात चालावे या मागणीस महाराजांनी आक्षेप घेतला, हेही याच भूमिकेशी सुसंगत आहे. म्हणून ऑक्झिंडेनचा वृत्तान्त केवळ दोन समानांच्या तहाची हकीकत म्हणून वाचणे अपुरे ठरते. तहाची कलमे मागण्या सांगतात. दर्जा सांगते ती वस्तूंची दिशा.