अनुसूचीचा दुसरा भाग

आपल्या अनियतकालिकांतल्या कवितांत भूक आहे, भाकर आहे, बापाच्या पाठीवरचे वळ आहेत. पण त्या बापाला दिवसाचे किती रुपये पडत होते आणि कायद्याने किती पडायला पाहिजे होते, हे मला कुठे सापडत नाही. म्हणून या खेपेला संग्रह बाजूला ठेवून मी एक कायदाच वाचायला घेतला. १९४८ चा किमान वेतन कायदा. कायदाही भाषेतच लिहिलेला असतो, आणि कोणाला पुढे बसवायचे, कोणाला दाराशी, हे त्यातही ठरलेले असते.

मूळ कल्पना साधी. जिथे युनियन उभी राहू शकत नाही तिथे मजुरीचा तळ सरकारने ठरवायचा. न्यूझीलंडने १८९४ साली याची सुरुवात केली. ब्रिटनने १९०९ साली शिवणकाम, साखळ्या घडवणे असल्या पिळून काढणाऱ्या धंद्यांसाठी मंडळे नेमली. आपल्याकडे विधेयक मांडले ते व्हॉइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री बाबासाहेब आंबेडकर यांनी, ११ एप्रिल १९४६ रोजी. ते १९४८ साली मंजूर झाले तेव्हा मजूरमंत्री जगजीवन राम होते.

आता कायद्याच्या शेवटी जोडलेली अनुसूची पाहा. पहिल्या भागात बिडी, तेलगिरण्या, दगडफोड, चामड्याचे कारखाने. दुसऱ्या भागात एकच धंदा, शेती. पहिल्या भागासाठी दर ठरवायची मुदत दोन वर्षे, दुसऱ्यासाठी तीन. ती मुदतही पुढे वाढवत नेली. शिवाय शेतीचा दर अख्ख्या राज्याला न लावता एखाद्या भागापुरता लावला तरी चालेल, अशी पळवाट तिथेच ठेवलेली. देशातले सगळ्यात जास्त मजूर ज्या कामात, ज्यांत आपली माणसे खच्चून भरलेली, ते काम यादीत शेवटी. माझी माय निंदणाला जाते. ती म्हणते, ‘कायदा काय वावरात येते काय रे बापू?’ अनुसूची तिने वाचलेली नाही, पण अर्थ तिला बरोबर लागला आहे.

हे भारतातच झाले असे समजू नका. अमेरिकेने १९३८ साली तासाला २५ सेंट किमान वेतन केले आणि शेतमजूर व घरकाम करणारे वगळले. दक्षिणेतले निग्रो मजूर, तिथे आज त्यांना कृष्णवर्णीय म्हणतात, बहुतेक याच दोन कामांत होते. कायद्यात वंशाचा एक शब्दही नाही! शेतमजुरांचा समावेश व्हायला १९६६ ची दुरुस्ती यावी लागली. डेरेनोनकोर्ट आणि मोन्तियालू या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०२१ साली हिशेब मांडला. त्या दुरुस्तीनंतरच्या वर्षांत गोऱ्या-काळ्यांच्या मजुरीतले अंतर जेवढे घटले, त्यातला पाचवा हिस्सा तरी त्या एका दुरुस्तीचा होता. आणि कामे काही म्हणण्यासारखी घटली नाहीत.

कारण दर वाढवला की काम बुडते, हेच आपल्याला कायम सांगितले जाते. गावात काम देणारे चार आणि मागणारे चारशे असले की दर बाजार ठरवत नाही, ते चौघे ठरवतात. तिथे तळ थोडा वर सरकवला म्हणून पऱ्हाटीचा कापूस कोणी झाडावर सोडत नाही. पण महाराष्ट्राचे एक उदाहरण लपवून चालणार नाही. १९८८ साली किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले, रोजगार हमीची मजुरीही त्यासोबत वाढली, आणि पुढे हमीची कामे आटली. रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी यांनी १९९३ साली ते दाखवून दिले. मी त्याचा अर्थ असा लावतो, की कामाची गरज संपली नव्हती, सरकारने थैली आवळली. हमी दिली कायद्याने आणि मोडली खर्चाच्या कागदावर. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर कलम ६ मध्ये लिहूनच टाकले, की किमान वेतन कायद्यात काहीही असो, हमीचा दर केंद्र ठरवील.

आणखी एक आकडा वाचा. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने कुटुंबाची गरज मोजली. गडी १, बाई ०.८, दोन लेकरे ०.६ प्रमाणे, मिळून तीन. एका मापाला २,७०० उष्मांक, आणि माणशी वर्षाला १८ वार कापड. बाईची कमाई हिशेबात धरायची नाही. दिवसभर वाकून निंदणारी माझी माय ०.८! १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषध, म्हातारपण यांसाठी २५ टक्के जोडायला सांगितले, पण ते माप तसेच राहिले.

२०१९ च्या वेतन संहितेने अनुसूचीच काढली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. आता यादी नाही, सगळ्यांना किमान वेतन. चांगलेच झाले. पण निरीक्षकाचे नाव बदलून ‘निरीक्षक-सह-सुविधाकर्ता’ झाले. सुविधा कोणाची, हे तिवशाच्या स्टँडवर ऑटोत कोंबून वेचणीला जाणाऱ्या बायांना विचारा. मी गिरणीत ठेकेदाराच्या हाताखाली आहे. सहीच्या कागदावर एक आकडा असतो, हातात दुसरा पडतो. १९८२ च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली वेठ. वेठ म्हणजे काय, ते आपल्या आज्यांना विचारा.

दोस्तांनो, पुढच्या अंकासाठी कवितेसोबत आपापल्या गावचा दर पाठवा. वेचणीचा किलोमागे, निंदणाचा दिवसाचा, बाईचा आणि गड्याचा वेगवेगळा. शेजारी सरकारी दर लिहा. आपण दोन्ही एका पानावर छापू.