एकट्याची चित्रनगरी

ग्रंथ, नाटक, चित्र आणि गायन यांचीं परीक्षणें मासिकाच्या पानांत येतात. पण तिकीट काढून आंत शिरावयाच्या एका सबंध गांवाचें परीक्षण येथें कसें, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, ज्या वस्तूची रचना पाहणाऱ्याच्या मनावर एक ठराविक परिणाम व्हावा याच हेतूनें झालेली असते, ती वस्तु टीकेस पात्र होते. मग ती पांच अंकांची असो वा हजार एकरांची. हैदराबादजवळची रामोजी चित्रनगरी ही अशीच एक रचना आहे. आम्हीं ती एक दिवस पाहिली, आणि एकट्यानें पाहिली. एकट्यानें पाहिली नसती तर पुढील मजकूर लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

जळकोटकरांस हैदराबाद परकें वाटत नाहीं. १९५६ पर्यंत आमच्या मुलुखाची राजधानी तीच होती. राजधानी बदलली तरी मोठा दवाखाना आणि लग्नाचा बस्ता यांसाठीं पुष्कळांचीं पावलें अजून मुंबईपेक्षां तिकडेच वळतात. उदगीरपर्यंत मोटारीनें जावें आणि तेथून आगगाडीनें बिदर, विकाराबाद करीत उतरावें, हा आमच्या परिचयाचा मार्ग. आमचें काम आदल्या दिवशींच आटोपलें होतें, परतीच्या गाडीस एका दिवसाचा अवकाश होता आणि सोबतीस कोणी नव्हतें. आपण पश्चिमेकडून येतों व चित्रनगरी शहराच्या पूर्वेस विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे. त्यामुळें सगळें हैदराबाद ओलांडावें लागतें. खरा चारमिनार मागें टाकून बनावट मिनार पाहण्यास निघालेल्या मनुष्यास, आपण काय करीत आहों याचा विचार करण्यास त्यामुळें भरपूर वेळ मिळतो.

'ईनाडु' दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनीं १९९६ सालीं ही नगरी उभी केली. २०२४ सालीं ते निवर्तले. चित्रपट-निर्मितीचें जगांतील सर्वांत मोठें स्थान म्हणून गिनीज बुकांत तिची नोंद आहे व विस्तार १६६६ एकरांचा सांगतात. मूळ कल्पना कारखान्याची: निर्मात्यानें कथा घेऊन आंत जावें आणि पुरा झालेला चित्रपट घेऊनच बाहेर पडावें. करमणुकीचें उद्यान हें त्या कारखान्यास जोडलेलें अंगण होय. मराठवाड्याचा या जागेशीं आणखी एक संबंध आहे. २००० सालीं सुरू झालेल्या ई टीव्ही मराठी वाहिनीच्या बातम्या आम्ही घरीं बसून पाहत असूं, त्या याच आवारांतून निघत. म्हणजे आम्ही या नगरीस जाण्यापूर्वीं कित्येक वर्षें ती आमच्या बैठकींत येऊन गेली होती.

आंत गेल्यावर उघड्या खिडक्यांच्या तांबड्या मोटारींतून प्रेक्षकांस फिरवितात. एक वाटाड्या हिंदी आणि तेलुगु यांची मिसळ करून हा महाल कोणत्या चित्रपटांत दिसला, तो रस्ता कोणत्या गाण्यांत आला, हें सांगत असतो. विमानतळ आहे, पण विमान नाहीं. स्थानक आहे, पण तेथील रूळ कोठेंहि जात नाहींत. विलायती रस्ता आहे, त्यावरील दारें मात्र उघडत नाहींत. आमच्या तालुक्यांत पाटी आधीं लागते व कचेरी मागाहून येते. येथें पाटी बदलली कीं गांवच बदलतें. या इमारतींस पाठ नाहीं. छायाचित्रकाराच्या यंत्रास जेवढें दिसेल तेवढेंच त्यांचें अस्तित्व. मोटार वळण घेते तेव्हां क्षणभर लांकडी धिरे, पत्रे आणि उघड्या कांबी नजरेस पडतात, आणि बहुतेक लोक नेमके त्याच क्षणीं दुसरीकडे पाहतात. आम्हांस तो क्षण फार मोलाचा वाटला. रंगभूमीवरील पडदा आपण कापडाचा आहों हें कधीं लपवीत नाहीं. या भिंतींसहि आपल्या मागील बाजूची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

'बाहुबली' (२०१५ व २०१७) या चित्रपटांसाठीं रचलेलें माहिष्मतीचें नगर प्रेक्षकांस पायीं हिंडण्यासाठीं ठेवलें आहे. तेथील एका खांबावर आम्हीं बोटानें टिचकी मारली, तों रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. अशा वेळीं खऱ्या किल्ल्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. ज्या उदगीरास आम्ही गाडींत बसलों तेथील किल्ल्याच्या तटावर टिचकी मारली तर बोटच दुखेल. १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाशीं लढाई दिली ती त्याच परिसरांत. तरी तेथें दुपारच्या वेळीं पारव्यांखेरीज सोबत मिळेल याची खात्री नाहीं. खऱ्या किल्ल्याकडे पाठ करून लोक खोट्या किल्ल्याचें तिकीट काढतात, अशी हळहळ व्यक्त करणें सोपें आहे, आणि आम्हीहि मोटारींत बसल्याबसल्या ती केली. पण दिवस मावळेपर्यंत आमचें मत थोडें बदललें. उदगीरचा किल्ला एकट्या मनुष्यास पुरतो. आपण तेथें गेलों काय, न गेलों काय, त्या दगडांस त्याची पर्वा नसते, आणि म्हणूनच तेथें एकटें बसणें शक्य होतें. माहिष्मतीचें तसें नाहीं. तिला पुढें उभें राहणारें कोणी तरी लागतें, आणि त्या उभ्या राहणाऱ्यास पाहणारें दुसरें कोणी तरी लागतें.

याचा प्रत्यय आम्हांस फार लवकर आला. सिंहासनापुढें उभें असतां नांदेडकडील एका कुटुंबांतील गृहस्थांनीं विचारलें, "एकटेच आलाव का काका?" आम्हीं होय म्हणतांच त्यांच्या मुद्रेवर प्रथम सहानुभूति आणि लगेच समाधान दिसलें. "मग तेवढा आमचा फोटू काढा की. सगळे येऊं द्या, आजी बी." आम्हीं काढला. तो काढतांना पाहून दुसरें कुटुंब आलें, मग तिसरें. दुपारच्या जेवणापर्यंत आम्हीं सात कुटुंबांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. चित्रनगरींत एकट्या प्रवाशास एक ठराविक भूमिका असते, आणि ती कॅमेऱ्याच्या मागची असते. आम्हीं ती पत्करली, पण मनांत एक प्रश्न राहिला. चित्रपटगृहांत आपण एकटे गेलों तर कांहीं बिघडत नाहीं. उलट, अंधार होतांच शेजारची खुर्ची भरलेली आहे कीं रिकामी, हें कळेनासें होतें. जी कला एकट्यास इतकी मानवते, तिच्या नांवानें उभारलेल्या नगरींत एकटा मनुष्य इतका उपरा कां ठरावा?

या प्रश्नास आम्हांस न. चिं. केळकर यांची मदत झाली. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं काव्यानंदाची जी उपपत्ति मांडली, ती सविकल्प समाधीची म्हणून प्रसिद्ध आहे. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, परंतु आपण आपणच आहों ही जाणीव त्या एकरूपतेंत सर्वस्वीं लोपत नाहीं. या दुहेरी अवस्थेंतूनच आनंद होतो, असा त्या उपपत्तीचा सारांश आहे. तिच्यावर पुढें पुष्कळ वाद झाला. तो वाद बाजूस ठेवला तरी, चित्रपटगृहांत ही दुहेरी अवस्था एकाच मनांत घडते, हें कोणासहि पटेल. आपण खुर्चींतहि असतों आणि पडद्यावरहि असतों. चित्रनगरींत मात्र ती दोन मनांत वांटली जाते. सिंहासनावर बसलेली आजी महाराणी झाली, हा एक अर्धा भाग. ती आपली आजीच आहे, हें जाणून खालीं उभीं असलेलीं नातवंडें हंसलीं, हा दुसरा अर्धा. एकटा मनुष्य सिंहासनावर बसला तर तो केवळ सिंहासनावर बसलेला मनुष्य होय. तो कोण आहे हें ठाऊक असलेलें तेथें कोणीच नसतें, त्यामुळें तो दुसरा कोणी झाला आहे हेंहि कोणास कळत नाहीं.

नाच, साहसाचे खेळ, मोगली व जपानी धर्तीचे बाग यांविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. त्यांत कसरत आहे, रंग आहेत, निगा उत्तम आहे. पण आपण टाळ्या वाजविण्यापलीकडे त्यांत आपला भाग नाहीं. २०१३ सालीं खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिका उद्यानांत 'मिस्टर इंडिया' (१९८७) या चित्रपटावर रचलेलें एक खेळणें होतें. तेथें खुर्चीच हालत असे आणि आपण तींत नुसते बसून राहत असूं. अंधार असल्यामुळें तेथें एकट्यास संकोच होत नसे, हें खरें. पण खुर्ची हालली यापलीकडे घरीं आणावें असें कांहीं त्यांत नव्हतें.

रामोजी नगरीचें मर्म आमच्या मतें एकाच प्रयोगांत आहे, आणि तो म्हणजे चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारा प्रयोग. 'शोले' (१९७५) मधील बसंतीच्या टांग्याचा प्रसंग त्यासाठीं घेतला आहे. प्रेक्षकांतून एका बाईस वर बोलावितात. सकाळच्या नांदेडकडील कुटुंबांतील बाईच नेमक्या पुढें गेल्या. गेल्या म्हणण्यापेक्षां मुलांनीं त्यांस ढकललें. टांगा आहे, घोडा नाहीं. पदर खोंचून, हातीं चाबूक घेऊन त्या उभ्या राहिल्या, टांगा हालूं लागला, आणि इकडून धाकटा मुलगा ओरडला, "मार की ग आई, घोडं पळंना!" त्यांनीं असा चाबूक उगारला कीं सूचना देणारा मनुष्यहि दोन पावलें मागें सरला. मग सर्वांस दुसऱ्या दालनांत नेलें. तेथें आवाज भरावयाचे होते. नारळाच्या करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढण्याची युक्ति ध्वनिकारांत फार जुनी आहे. वेगवेगळ्या लोकांच्या हातीं वेगवेगळीं साधनें आलीं. कोणी सोबत नसल्यामुळें मागें पुढें होणारा असा एकटा आमचाच हात होता. त्यांत घुंगरांचा पट्टा ठेवला गेला.

येथें दादासाहेब फाळक्यांचें स्मरण करणें आवश्यक आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर थोड्याच वर्षांत त्यांनीं चित्रपट कसे तयार करतात हें दाखविणारा एक लहानसा चित्रपट स्वतःच काढला. ज्यानें या देशांत ही माया प्रथम उभी केली, त्यासच ती उलगडून दाखविण्याची हौस होती. त्यांच्या 'लंकादहन' (१९१७) मध्यें अण्णा साळुंके यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि लोकांनीं दोन्हींस नमस्कार केला. युक्ति कळली म्हणजे रस जातो, ही समजूत पंडितांची आहे. आमच्या प्रेक्षकांनीं ती कधींच मानली नाहीं. गांवच्या तमाशांत मावशी होणारा सोंगाड्या कोण व कोठला, त्याच्या घरीं किती एकर कोरडवाहू, हें समोरच्या प्रत्येकास ठाऊक असतें, आणि त्यामुळेंच त्याच्या मुरडण्यावर हंसूं अधिक येतें. चित्रनगरी जेथें प्रेक्षकांस फसवूं पाहते तेथें ती दुबळी पडते; जेथें आपलें गुपित त्यांच्या हातीं देते तेथें ती खरोखर कला होते, असा आमचा अभिप्राय आहे.

तिसऱ्या दालनांत तयार झालेला तुकडा पडद्यावर दाखविला. दिवे गेले. बिनघोड्याच्या टांग्यास आतां घोडा होता, मागें डाकू होते, धूळ होती, आणि टांग्यांत बसंतीच्या जागीं नांदेडच्या त्या बाई चाबूक उगारून उभ्या होत्या. कुटुंबानें जो गलका केला त्यांत वाक्यें ऐकूं येणें शक्य नव्हतें. त्या स्वतः मात्र तोंडाला पदर लावून पडद्याकडे अशा पाहत होत्या, जणू दुसऱ्याच कोणा बाईचें धाडस त्या पाहत आहेत. इतक्यांत वळणावर घुंगरें वाजलीं. थोडीं उशिराच वाजलीं, हें आम्हांस कळलें. घोडा वळून गेल्यावर आमचा हात हालला होता. पुढील ओळींतला तो धाकटा मुलगा अंधारांत मागें वळला आणि म्हणाला, "काका, ते तुमचं वाजलं!"

आम्हीं मान डोलाविली. तो पुन्हां पडद्याकडे वळला. दिवे लागले तेव्हां दाराशीं पुढची तुकडी उभीच होती, आणि त्यांतील एका गृहस्थानें आपला कॅमेरा आमच्यापुढें धरला.